अर्धी नोंद नको!

विद्यार्थी मित्रांनो, घरी शेती असेल तर आज सातबारा काढून पाहा. गाव नमुना 7 जमिनीवरील हक्क सांगतो, तर 12 पिके सांगतो. सोबतच्या 8-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील साऱ्या जमिनी येतात. या कागदांना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक आणि खाते क्रमांक. संगणकातही असेच असते. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवावी व ते तक्ते सामाईक मूल्यांनी जोडावेत, ही कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली.

आता समजा, परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावासाठी तुम्ही वारसांची नोंद ठेवणारी आज्ञावली लिहिली. तिने नवे खाते उघडले, दोन भावांची नावे लिहिली आणि तेवढ्यात काम अडले. बहिणीचे नाव राहून गेले! पडद्यावर खाते दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पुढे पीककर्जाच्या वेळी मात्र ती बहीण बँकेतून रिकाम्या हाताने परतेल.

अशा वेळी पुष्कळजण सारी माहिती पुन्हा भरतात. त्याने एकाची दोन खाती होतात. दोष तसाच राहतो. माझ्या मते आधी तीन प्रश्न विचारावेत. मुख्य नोंद प्रथम जतन होऊन तिला क्रमांक मिळाला का? तोच क्रमांक प्रत्येक उपनोंदीत गेला का? आणि या सर्व नोंदी एकाच व्यवहारात बांधल्या आहेत का? व्यवहार म्हणजे सर्व लिहिले जाईल, नाहीतर काहीच नाही.

कोणी म्हणेल, इतकी कडक तपासणी कशाला? संगणक वारंवार 'चूक' म्हणून अडवतो, कंटाळा येतो. पण अडवणारी चूक दिसते आणि दुरुस्त होते; गुपचूप राहिलेली अर्धी नोंद माणसाला फसवते.

आपल्या महसुली दप्तराला हे शहाणपण संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. फेरफार प्रथम गाव नमुना 6 मध्ये लिहितात, संबंधितांना नोटीस देतात आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो.

शिक्षकांनी संगणकाच्या तासाला हाच धडा द्यावा. विद्यार्थी आणि गुण असे दोन तक्ते करावेत, एका विषयाच्या गुणांत मुद्दाम चूक घालावी आणि जतन करून पाहावे. मागे काय उरले? काहीच उरले नाही, तर आज्ञावली विश्वासाची समजावी!