वॉशिंग्टनची तिजोरी आणि विदर्भाचा कापूस

अमेरिकेच्या राजकारणाचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामातील सज्जन मंडळी अस्वस्थ होतात. ‘फादर, देवळात राजकारण नको,’ असे आम्हांस प्रेमाने सुचविले जाते. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीस आहे, कुणाची लेक तिकडे परिचारिका आहे. त्या देशाविषयी कठोर शब्द ऐकणे त्यांना घरच्या माणसाची निंदा ऐकण्यासारखे वाटते. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही आम्हांस सांगणे भाग आहे की, देवळाबाहेर थोपवलेले हे राजकारण आपल्या शेतात केव्हाच शिरले आहे.

विदर्भाला हा अनुभव नवा नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. भाव कडाडले, कापसाचा पेरा वाढला. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याने अमेरिका नकाशावरही पाहिली नव्हती, त्याला तिच्या युद्धाची किंमत मोजावी लागली.

ऑगस्ट 2025 मध्ये तेच घडले. अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून आणखी 25 टक्के कर लादला. कापड निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून उठविले व ती सवलत वर्षअखेरपर्यंत लांबविली. विदर्भात वेचणी सुरू होत होती, नेमके तेव्हाच परक्या कापसाला दार मोकळे झाले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला होता खरा. पण सरकारी खरेदीत आपला क्रमांक लागेपर्यंत थांबण्याची ज्याची ऐपत नाही, तो व्यापारी देईल तो भाव घेऊन घरी येतो.

अमेरिका मात्र आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देत आली आहे. त्याविरुद्ध ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली व तो देश जिंकला. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन त्याच्याशी तडजोड केली. विदर्भाच्या पदरात त्यातले काय पडले?

त्या देशाला पैशाची चणचण आहे म्हणावे, तर 2024 साली त्याचा लष्करी खर्च सुमारे 997 अब्ज डॉलर होता. साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या एक तृतीयांशाहून अधिक. त्याच देशात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंदाजपत्रकाच्या वादापायी सरकारी कामकाज 43 दिवस ठप्प झाले आणि सुमारे 4 कोटी 20 लाख गरिबांची अन्नमदत अडली. सैनिकांच्या पगारासाठी मात्र पैसा शोधला गेला. सैनिकाला पगार मिळाला याचे आम्हांस दुःख नाही. भुकेल्याच्या भाकरीसाठी तीच तत्परता दिसली नाही, याचे आहे.

शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजरला मारझोड केली नव्हती. दाराशी पडलेल्या त्या जिवाकडे त्याने पाहिले नाही, एवढाच त्याचा अपराध. पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या ‘पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरीब राष्ट्रांसाठी जागतिक निधीत घालावा, असे आवाहन केले. 2003 साली इराकवरील युद्ध टळावे म्हणून पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे धाडले. 8 मे 2025 रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे तर शिकागोत जन्मले. त्यांनीही लोकांपुढे येताच पहिला उच्चार शांतीचाच केला. हे सारे देवळात आणलेले राजकारण होते काय?

आणि दोष एकट्या अमेरिकेच्या माथी मारून आपण सुटत नाही. आयात शुल्क दिल्लीत उठले. तेव्हा नागपुरातले आपण किती जण बोललो? स्वस्त सदरा मिळाला, की तो कुणाच्या घामाचा आहे हे आपण विचारीत नाही. लाजर आपल्याही दाराशी आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हणताना कापूस पिकविणाऱ्याचा उल्लेख व्हावा. आणि ज्यांची मुले तिकडचे नागरिक झाली आहेत, त्यांनी त्यांना एवढेच विचारावे : बाळा, मत देताना विदर्भातले हे शेत तुला आठवते का?