परतीचा क्रेट आणि लघुउद्योजक

चाकण असो वा मानेसर, वाहनांचे सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाचे पुठ्ठ्याचे खोके बहुधा एकाच फेरीत भंगारात जाते. प्लॅस्टिकचा क्रेट मात्र पुनःपुन्हा वापरता येतो. तरीही उद्योजक कचरतो. काही क्रेट कारखान्यात, काही वाटेवर, काही परतीच्या मालमोटारीत असतात. त्यामुळे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट क्रेट आधीच घ्यावे लागतात. हा खर्च कॅश क्रेडिटमधून भागविल्यास कच्च्या मालासाठी पैसा अपुरा पडतो. माझ्या मते, क्रेट ही भांडवली मालमत्ता समजून त्यासाठी मुदत कर्ज घ्यावे. मात्र कारखान्याच्या आवारात हरवलेल्या क्रेटची भरपाई कारखान्यानेच करावी, असे खरेदी-करारात नमूद असावे. तो भार लहानाच्या माथी नको.