मार्चचे पैसे, जूनचा खर्च

कोकणात शिक्षणाचा खर्च मिरगाबरोबर सुरू होतो. खोलीचे डिपॉझिट, खानावळीचा पहिला महिना, वह्या, छत्री, एसटीचा पास हे सगळे जून-जुलैच्या काही आठवड्यांत अंगावर येते. नेमक्या त्याच दिवसांत घरात भाताचे बियाणे आणि खत आणायचे असते. आंब्याचे पैसे आले असले तरी ते फवारणीच्या उधारीत वळते झालेले असतात. मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि मासेमारीबंदीचे दोन महिने खलाशाच्या घरात मजुरी येत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र खात्यात पडते ती दिवाळी उलटल्यावर, पुष्कळदा परीक्षेच्या तोंडावर मार्चमध्ये, आणि कधी कधी विद्यार्थी पुढच्या वर्गात गेल्यावर.

शिष्यवृत्त्यांवरची बहुतेक चर्चा रकमेभोवती फिरते. रक्कम अपुरी आहे, यात वाद नाही. पण जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत बसून जे लोक दरवर्षी हे अर्ज हाताळतात, त्यांना ठाऊक असते की मुलाचे शिक्षण सुटते ते रकमेइतकेच तारखेमुळे. जुलैत पाच हजार हातात असले तर खोली टिकते. मार्चमध्ये आलेल्या वीस हजारांतून तोवरची उसनवारी फिटते, एवढेच. या तारखेचा सगळा नसला तरी बराचसा भाग मंत्रालयाच्या नव्हे, तर याच कार्यालयांच्या हातात आहे.

रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेली सर्वांत फलदायी शिष्यवृत्ती शोधायची तर मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावापाशी यावे लागते. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपये मिळत, आणि १९१३ पासून कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी, हा करार आधीच झालेला. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की मदत महिन्याच्या महिन्याला होती आणि तिच्या अटी घर सोडण्यापूर्वी माहीत होत्या. त्याच करारापोटी १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले, तेव्हा नोकरी होती, पदवी होती, पण राहायला जागा कोणी देईना. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिच्यात फी आली, निर्वाहभत्ता आला. जागेचा प्रश्न मात्र आजही वेगळ्या योजनेच्या वेगळ्या अर्जात अडकलेला आहे.

त्याही आधी वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची पद्धत होती. ती जातीच्या उंबरठ्याआतच चालत असे, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आधी पोट आणि मग पुस्तक, हा तिचा क्रम व्यवहाराला धरून होता. आजच्या योजनांचा क्रम उलटा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी सवलत निम्मी होती. निर्णय मोठा आहे, त्याचे स्वागत व्हायलाच हवे. परंतु राजापुरातून रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात येणाऱ्या मुलीच्या घरात फीचा आकडा हा खर्चाचा एक भाग असतो. खोली आणि खानावळीचा आकडा दरमहा समोर उभा राहतो, आणि तो कोणत्याही शासन निर्णयाने माफ होत नाही.

राहण्या-जेवण्यासाठीची मुख्य मदत म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, विभागीय शहरे आणि इतर महानगरपालिकांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याला ३८,०००. रत्नागिरीत नगर परिषद आहे. किंबहुना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत एकही महानगरपालिका नाही, त्यामुळे तळकोकणात शिकणाऱ्या कोणाही मुलाला ४३,००० च्या वर जाता येत नाही. या रकमेत भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,००० धरले आहेत. निवासाचे बारा हजार म्हणजे महिन्याला हजार. पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने खोल्या देण्याची सवय लागलेल्या शहरात महिना हजारात कॉटबेसिससुद्धा मिळेल का, हे टिळक आळी ते साळवी स्टॉप चालत जाऊन कोणीही पाहावे. शहराचा दर नगरपालिका की महानगरपालिका यावर ठरवणे हिशेबनीसाला सोयीचे असेल. घरमालक असा भेद करत नाही. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी नंतर आलेल्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेनेही हीच दरसूची उचलली, आणि वर प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. कुणबीबहुल रत्नागिरीत ६०० हा आकडा किती तोकडा आहे, हे वेगळे सांगायला नको.

गोठलेल्या दरांची उदाहरणे शाळांतही आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता मिळतो, दिवसाला एक रुपया. हा रुपया १९९२ सालचा आहे. तो मिळवायला मुख्याध्यापकांनी भरायच्या तक्त्यांचा कागदच त्याहून महाग पडत असावा.

आता कार्यालयांच्या हातात असलेल्या गोष्टींकडे वळायचे, तर पहिली गोष्ट दाखल्यांची. इतर मागास प्रवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. चाकरमान्यांच्या जिल्ह्यात हा पुरावा शोधणे हे एक प्रकरणच असते. आजोबा गिरणीत, वडील नालासोपाऱ्यात, मुलगा शिकायला गावी आजीकडे, आणि पुरावा वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, तोही वाळवीने खाल्लेल्या पानावर. त्या पानाचा उतारा देणारा शिक्षक ही या सगळ्या यंत्रणेतली पहिली आणि सर्वांत कमी दखल घेतली गेलेली कडी. बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणीचे प्रमाणपत्रही हवे असते. त्याची फाइल अकरावीतच समितीकडे गेली तर वेळ पुरतो. निकालानंतर गेली तर मुदतवाढीच्या परिपत्रकाची वाट पाहत बसावे लागते. तरीही अकरावीच्या वर्गात हे सांगण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते.

कागद असूनही दारातून परत पाठवण्याची परंपरा जुनीच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून घाट चढून साताऱ्याला पायी गेले, शंभराहून अधिक मैल. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण हवी होती. ती झालेली होती, पण मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिले नाही. आज तेच काम शिष्यवृत्तीच्या अर्जांचे महाडीबीटी पोर्टल करते. नावात एक वेलांटी इकडची तिकडे, आधारवर वडिलांचे नाव आणि दाखल्यावर आजोबांचे, की अर्ज ‘सेंड बॅक’.

महाडीबीटीवर अर्ज आल्यावर तो लिपिकाच्या लॉगिनमधून प्राचार्यांच्या आणि तिथून समाजकल्याणच्या लॉगिनमध्ये जातो. विद्यार्थी समजतो, पोर्टल बंद आहे. पुष्कळदा अर्ज महाविद्यालयाच्याच लॉगिनला प्रलंबित असतो, कारण शिष्यवृत्तीचे काम ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच प्रवेश, परीक्षा अर्ज आणि निवडणुकीचे कामही असते. यात कोणा लिपिकाला दोष देण्यासारखे काही नाही. रिक्त पदांचा हा हिशेब आहे. पण संस्थाचालकांनी निदान सप्टेंबरपुरता तरी एक माणूस या कामाला मोकळा ठेवला, तर मार्चची तारीख जानेवारीवर येऊ शकते.

पैसे मंजूर झाल्यावरही ते पोचतीलच असे नाही. थेट लाभ हस्तांतरणात रक्कम जाते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी दाखवलेले पासबुक तेच असेल याची खात्री नसते. पाचवीत असताना शून्य शिलकीचे एक खाते निघालेले असते, अकरावीत दुसरे, मधल्या काळात मोबाइलच्या ॲपवरून तिसरे. ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले, पैसे तिथे. आधार सीडिंगची ही तपासणी दहावीच्या दाखल्याबरोबरच करून घेतली तर नंतरच्या कितीतरी खेपा वाचतील.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आणखी एक अडचण २०२०-२१ नंतर आली. अनुसूचित जातींच्या योजनेत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० झाला आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. त्यातली फी सात दिवसांत महाविद्यालयात भरावी, अशी अपेक्षा आहे. ज्या घराने दहा महिने उसनवारीवर काढले, त्या घरात एकदम आलेली रक्कम सात दिवस तशीच पडून राहील, हे गृहीतक दिल्लीत बसून करणे सोपे. इकडे महाविद्यालयांची थकबाकी वाढते आणि काही ठिकाणी दाखले, गुणपत्रके अडवून ठेवली जातात. अडवलेल्या गुणपत्रकामुळे मुलाची नोकरी आणि पुढचा प्रवेश हुकतो आणि फी मिळायची शक्यता आणखी कमी होते. या मार्गाचे समर्थन करता येणार नाही.

शाळांच्या पातळीवर सर्वांत जास्त पैसा हातचा जातो तो राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत, म्हणजे एनएमएमएसमध्ये. आठवीत परीक्षा, पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. अभिनंदनाचा फलक फाटकावर लागतो. पण निवड झालेल्या मुलाला नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने अर्ज भरावा लागतो, शाळेला त्याची पडताळणी करावी लागते आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. नववीतली ही एक पायरी चुकली की उरलेली तीन वर्षेही गेली. आठवीपर्यंतची शाळा एका गावात आणि नववी दुसऱ्या गावातल्या हायस्कूलमध्ये, असे कोकणात सर्रास असते. पहिली शाळा म्हणते मुलगा गेला, दुसरी म्हणते आम्हाला माहीत नव्हते. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी निवड यादीची प्रत नव्या शाळेला स्वतः पाठवली तर एवढ्यावरच काम भागते.

कार्यालयाने विद्यार्थ्याकडे जायचे की विद्यार्थ्याने कार्यालयाकडे, या प्रश्नाचे उत्तर एसटीने देऊन टाकले आहे. विद्यार्थ्यांना मासिक पास एक तृतीयांश दरात मिळतो आणि अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत तो मोफत आहे. वाड्यावाड्यांतून देवरूख, लांजा, खेडला येणाऱ्यांसाठी हीच खरी मोठी शिष्यवृत्ती. पूर्वी तिच्यासाठी डेपोत रांग लावून एक-दोन तास बुडत. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने पास शाळेत नेऊन द्यायला सुरुवात केली. योजना तीच, पैसे तेवढेच. बदलली ती फक्त टेबलाची जागा. उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसीलदारांचे एक दिवसाचे शिबिर शाळेतच भरवणे याहून अवघड नसावे.

उरतो तो जून. सरकारी रक्कम जूनमध्ये येण्याची चिन्हे नाहीत, त्यामुळे मधले महिने कोणीतरी भरून काढावे लागतील. गावोगावची मुंबई मंडळे दरवर्षी जून-जुलैत वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार करतात. बाहेर कमावणाऱ्यांनी गावासाठी वर्गणी काढण्याची रीत कर्व्यांच्या मुरूड फंडापासून या जिल्ह्यात रुजलेली आहे. शाली, ट्रॉफ्या आणि फ्लेक्सचा खर्च वगळून या मंडळांनी महाविद्यालयांबरोबर बिनव्याजी उचलीचा एक फंड उभा केला, तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याला जुलैत चार-पाच हजार देता येतील आणि शिष्यवृत्ती आली की तो ते परत करील. पुढच्या जुलैत तेच पैसे दुसऱ्याला. काही बुडतील, हे धरून चालावे. मात्र बुडाले म्हणून कोणाचा दाखला अडवायचा नाही, ही अट पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावी. उचल कोणाला द्यायची हे मंडळाने नव्हे, तर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाने ठरवावे, कारण कोणाचा अर्ज खरोखर पुढे गेला आहे हे त्याच्याच लॉगिनमध्ये दिसते.