स्पॅनिश शिका, पण मराठीतून

बोईसरच्या कारखान्यांत काम करता करता स्पॅनिश शिकू पाहणारी मुलं भेटली की मला फार आनंद होतो. मी स्वतःही शिकतो आहे. मोबाइलवरचे धडे बहुतेक इंग्रजीतून असतात आणि घोळ तिथेच होतो. ऊन, आग, जळणं, संताप यांच्या शब्दांत मराठी चांगली सधन आहे. मध्ये इंग्रजी आली की ते सगळं धन वाया जातं.

इंग्रजीत 'हॉट' हा एकच शब्द चहाला, मिरचीला आणि मे महिन्यालाही चालतो. स्पॅनिशमध्ये चहा 'कालिएन्ते', मिरची 'पिकान्ते' आणि हवेतला उष्मा 'कालोर'. आपण तरी गरम आणि तिखट यांची गल्लत कधी करतो? इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून 'मी कालिएन्ते आहे' म्हणालात, तर ऐकणारा भलताच, चारचौघांत न बोलायचा अर्थ घेईल. आपल्याला 'गरम होतं', आपण 'गरम असत' नाही, आणि ही समज तिथे कामी येते. 'मे दा राबिया' म्हणजे मला राग येतो. वाक्याची ठेवणसुद्धा आपलीच. 'राबिया' म्हणजे संतापही आणि रेबीजही. मराठीत कुत्रं पिसाळतं, तसा माणूसही पिसाळतो.

'आर्देर' म्हणजे जळणं. डोळे चुरचुरले, जखम झोंबली, तरी हेच क्रियापद. 'केमार' म्हणजे जाळणं, भाजणं, चटका बसणं. त्यावरून 'केमा', म्हणजे रान किंवा शेतातला काडीकचरा जाळण्याचं काम. हा शब्द वाचला आणि मला आमच्याकडचा राब आठवला. पालघर, विक्रमगड, जव्हारकडे पावसाळ्याआधी भाताच्या रोपांची जागा भाजून काढतात. शेण, झाडांची टहाळं, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे आणि वर माती पसरायची. वारा ज्या दिशेला जातो, त्या टोकाला विस्तव लावायचा. मग आग वाऱ्याच्या उलट सरकते, भडकत नाही, सावकाश धुमसते. तणाचं बी मरतं, राख जमिनीला मिळते. लोक राब 'जाळला' असं क्वचितच म्हणतात; म्हणतात 'भाजला', कारण खरी भाजायची असते ती जमीन. ज्याच्या घरी हे चालतं त्या मुलाला 'केमार'च्या छटा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

'बोचोर्नो' माझा सर्वांत आवडता. वारा पडलेला, आभाळ दाटलेलं, सदरा पाठीला चिकटलेला, असा उकाडा म्हणजे बोचोर्नो. तारापूरच्या किनारपट्टीला मे महिन्याच्या अखेरीस दुसरा शब्द नको. शरमेनं तोंडावर येणारी ऊनऊन लाट, तिलाही बोचोर्नोच म्हणतात.

लॅटिनमध्ये चुलीला 'फोकुस' म्हणत. त्यातूनच स्पॅनिशचा 'फुएगो', म्हणजे आग, आणि 'ओगार', म्हणजे घर, हे दोन्ही निघाले. स्पेनमध्ये पूर्वी गावाची मोजदाद 'फुएगो'वर करत. एक आग म्हणजे एक कुटुंब. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की वेगळी चूल मांडतात आणि साऱ्या घराला जेवायला बोलवायचं तर चूलबंद आमंत्रण देतात. स्पॅनिश भाषेची राजअकादमी १७१३ सालची. तिच्या बोधचिन्हात आगीवर ठेवलेली मूस आहे.

 

राखेखाली दडलेल्या बारीक निखाऱ्याला 'रेस्कोल्दो' म्हणतात, आणि आटलेल्या प्रेमातून मागे उरलेल्या ओढीलाही. निखारा म्हणजे 'आस्कुआ'. निखाऱ्यांवर असणं म्हणजे जीव टांगणीला लागणं. आणि भाजत ठेवलेल्या आपल्या मासळीकडे निखारा सरकवून घेणं म्हणजे स्वतःपुरतं पाहणं. त्यातली मासळी आहे सार्दिना, आपली तारली. सातपाटी-मुरब्याच्या पोराला एवढंच सांगा की हे आपलं पोळीवर तूप ओढणं आहे. त्याला इंग्रजी अर्थ शोधावाच लागणार नाही.