रोग्यासही विचारावे

स्मरणिकेसाठी धान्यबाजाराच्या स्थितीवर चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने दरवर्षीप्रमाणे सुचविले होते. बाजारावर लिहिणारे जाणते सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे घाऊक धान्याचा व्यापार केलेला मनुष्य. वैद्यकावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. तथापि एका चुकीची जी किंमत माझ्या घराने मोजली, ती दुसऱ्या घरास मोजावी लागू नये, म्हणून यंदा विषय बदलण्याची परवानगी मागून घेतली आहे.

२०१६ साली माझ्या पत्नीची बोटे सकाळी आखडू लागली. तास तास मूठ वळत नसे. तपासण्या झाल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्यास सामान्यतः आमवात म्हणतात तो विकार, असल्याचे निश्चित झाले. म्हातारपणी गुडघे झिजून दुखतात तो प्रकार निराळा. या विकारात शरीराची रक्षण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. हा विकार दुर्मिळही नाही. पुण्याजवळ भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे दोनशे माणसांमागे एकास तो आढळला. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असते.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरा काही मार्ग आहे काय, गुण केव्हा येईल, धोका कोणता, यांतले मी काहीही विचारले नाही. "आपण म्हणाल तसे," एवढेच बोललो. पत्नी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. डॉक्टरांनी तिला विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

पुढे नात्यातील एका बाईंनी तिला सांगितले, की ही गोळी कर्करोगाची आहे. तिने धसका घेतला आणि कोणास न सांगता गोळ्या बंद केल्या. आठ महिन्यांनी आमच्या मुलीस डाळीच्या जुन्या डब्यात न फोडलेली पाकिटे सापडली. मी रागावलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही आणि डॉक्टरांनी ठरविले. मला कोणी विचारले होते?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्या अवधीत तिच्या उजव्या हाताची बोटे वाकली. पुढे औषध नियमित घेतल्याने दुखणे आटोक्यात आले, परंतु बोटे सरळ झाली नाहीत. जपमाळेचा मणी तिला आजही अंगठ्याने ओढावा लागतो.

त्या बाई खोटे बोलल्या नव्हत्या. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत कर्करोगावर देतात. परंतु आमवातासाठी ते अल्प मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. अमेरिकेत १९८८ साली या विकारासाठी त्यास मान्यता मिळाली आणि आज जगभर बहुधा याच औषधाने उपचाराचा आरंभ होतो. ही दोन वाक्ये पत्नीस पहिल्याच दिवशी कळली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

आपण व्यापारी माणसे. पोत्यात परखी घालून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय सौदा करीत नाही. ओल किती, काडीकचरा किती, माल कोठला, हे पाहतो. दलाल कितीही विश्वासू असला तरी नमुना पाहण्यास तो हरकत घेत नाही, आणि त्यात आपण त्याचा अपमान केला असेही कोणी मानीत नाही. मग जन्मभर घ्यावयाच्या औषधाविषयी दोन प्रश्न विचारले, तर डॉक्टरांचा अपमान होईल असे आपणांस का वाटावे?

परदेशांत या अडचणीवर एक उपाय निघाला आहे. मुलीने तो मला मोबाइलवर दाखविला. त्यास मी निर्णय-पत्रक म्हणतो. एखाद्या विकारावर जे निरनिराळे उपचार आहेत, त्यांची जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू रोग्यापुढे सोप्या भाषेत मांडावयाच्या, आणि शेवटी 'यांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते?' असे विचारावयाचे, ही त्याची रीत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी मेथोट्रेक्सेट घ्यावे की नाही या एकाच प्रश्नासाठी असे ऑनलाइन पत्रक चलच्चित्रांसह तयार केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लहानशा चाचणीत रोग्यांच्या मनातील द्विधा बरीच कमी झालेली दिसली. नेदरलँड्समध्येही आमवाताच्या औषधांसाठी असे पत्रक झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे तर कमी शिकलेल्या रोग्यांसाठी इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी अशा तीन भाषांत ते केले. परक्या देशात जाऊन राहिलेल्यांना जर त्यांच्या भाषेत ही सोय मिळते, तर पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदणाऱ्या आपल्या आया-बहिणींना ती त्यांच्या भाषेत का मिळू नये?

अशा पत्रकात काय असावे? औषध गोळीचे की इंजेक्शनचे, आणि किती दिवसांनी घ्यावयाचे, हे प्रथम असावे. कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गुण केव्हा येतो, हे असावे. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसण्यास दीड ते तीन महिने लागतात आणि अधीर माणसे त्याआधीच औषध सोडतात. यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या किती वेळा, हे असावे. लेकी-सुनांसाठी ठळक अक्षरांत असावे, की हे औषध गरोदरपणी चालत नाही आणि मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलून ते बंद करावे लागते. इटानरसेप्ट, अडॅलिमुमॅब यांसारखी महाग जैविक इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी छुपा क्षय आहे काय हे तपासावे लागते. आपल्या देशात तर ही तपासणी कधीच टाळू नये. आणि सर्वांत अगत्याचे म्हणजे, काहीच औषध न घेतल्यास काय होते, तेही त्याच पानावर असावे. औषध न घेणे हाही एक सौदाच आहे. त्याची नावे बाजू माझ्या पत्नीच्या हातावर लिहिलेली आहे.

आकडे मांडण्याचीही एक प्रामाणिक पद्धत असते. 'धोका दुप्पट होतो' असे म्हटले की माणूस घाबरतो. हजारांत एकाऐवजी दोघांस होतो असे म्हटले की तो विचार करू लागतो. हिशेब तोच, परंतु पहिल्या तागडीला पासंग आहे. म्हणून या पत्रकांसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले आहेत, त्यांत लाभ व हानी सारख्याच मापाने मांडावी, पत्रक केव्हा सुधारले ते सांगावे आणि पैसा कोणाचा ते उघड करावे, असा आग्रह आहे. औषध विकणाऱ्याने लिहिलेले पत्रक म्हणजे मालधन्यानेच भरून आणलेला नमुना!

अर्धवट ज्ञानाने रोगी बिघडतील आणि डॉक्टरांचा वेळ जाईल, असा आक्षेप काही मित्र घेतात. तो अगदीच निराधार नाही. मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर वाचून औषध बदलणारे लोक मीही पाहिले आहेत. परंतु निर्णय-पत्रक डॉक्टरांना बाजूस सारीत नाही, ते रोग्यास डॉक्टरांपुढे नीट बसविते. कॉक्रेन या संस्थेने २०२४ साली अनेक विकारांवरील अशा पत्रकांच्या २०९ चाचण्या एकत्र तपासल्या. रोग्यांची माहिती वाढते, धोक्याचा अंदाज अधिक अचूक होतो आणि निवड त्यांच्या मनाशी अधिक जुळते, असे त्यांत दिसून आले. अर्धवट ज्ञान तर आपल्या घरात आजही आहेच. ते नात्यातील बाईंकडून येते, आणि 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पुड्यांबरोबर येते, ज्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे.

आपल्या समाजाचे काही प्रश्न तर परक्या पत्रकात असणारच नाहीत. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. वर सांगितलेली दोन्ही इंजेक्शने चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यापासून १९५७ साली निघालेल्या व तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींच्या साहाय्याने बनतात. हे चालते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे. परंतु ठरविण्यापूर्वी ते त्यास ठाऊक असले पाहिजे. पर्वातील उपवासांचेही तसेच. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेतल्यास पोटास अपाय होतो, आणि पाणीही वर्ज्य असेल तर मूत्रपिंडांवर ताण पडतो. बरेच दिवस चाललेले स्टिरॉइड व्रतासाठी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. श्रावक-श्राविकांनी हे डॉक्टरांपासून लपवू नये आणि डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून माझी सूचना अशी. संघाने संधिवाताच्या तज्ज्ञांकडून मराठीत चार पानांचे निर्णय-पत्रक तयार करून घ्यावे. शेजारधर्म म्हणून ते कन्नडमध्येही करावे. ते मोबाइलवर वाचता यावे, आणि ज्यांची दृष्टी मंद झाली त्या वडीलधाऱ्यांसाठी ऐकताही यावे. औषध कंपनीचा एक पैसाही त्यास लागू नये. दरवर्षी ते तपासून त्यावर नवी तारीख घालावी.

या स्मरणिकेत माझ्या पेढीची पूर्ण पानाची जाहिरात दरवर्षी असते. यंदा ती दिसणार नाही. ती रक्कम मी या कामासाठी संघाच्या कार्यालयात जमा केली आहे. पत्रकाचा मसुदा तयार झाल्यावर तो प्रथम माझ्या पत्नीस वाचून दाखवावा, एवढीच माझी अट आहे. तिला कळला, तर तो सर्वांना कळेल.