तळपायाची आग

पायांना जितका मान आपण देतो, तितका आपण माणसालाही देत नाही. वडीलधारं कोणी दिसलं की वाकून पायांना हात. देवळात मूर्तीचं तोंड दिसो न दिसो, पायरीशी डोकं टेकलं की दर्शन झालं. भरतानं १४ वर्षं सिंहासनावर पादुका बसवल्या. आषाढीला आपण पादुकाच चांदीच्या रथात घालून पंढरपूरला नेतो. नव्या सुनेचा पायगुण बघतो, पोराचे पाय पाळण्यात बघतो. एकच गोष्ट आपण कधी बघत नाही. ती म्हणजे पाय.

हा माझा विचार डोक्यातून आलेला नाही, टाचेतून आला आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी पलंगावरून उतरलो आणि उजव्या टाचेत कोणी खिळा ठोकावा तशी कळ आली. भिंत धरत मोरीपर्यंत गेलो. दहा-बारा पावलांत कळ ओसरली, चहा संपेपर्यंत मी ती विसरलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिळा. पुढे पुढे बँकेत तासभर बसून उठलो तरी खिळा हजर. साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "काम हातानंच करायचंय ना?" पोट दुखलं तर रजा मिळते, डोकं दुखलं तर मिळते, दाढ दुखली तर सहानुभूतीही मिळते. टाच दुखते म्हटलं की लोक हसतात.

हसून झाल्यावर ते औषध सांगतात. आमच्या सोसायटीत माझ्यापुढे जी औषधं आली, त्यांत वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकणं, बिब्ब्याचा चटका, पहाटे दवात अनवाणी चालणं आणि तांब्याचं कडं एवढी मला आठवतात. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "चाल, चाल. चालून चालून बरी होते." मी चाललो. बरी झाली नाही. मग कोणीतरी फोटो काढायला लावला. "हाड वाढलंय," असं फोटो काढणाऱ्यानं जाहीर केलं, आणि महिनाभर मी टाचेत शिंग घेऊन फिरत असल्यासारखा फिरलो.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि चक्क माझा पाय हातात घेतला. लग्नात सासऱ्यांनी धुतला होता, त्यानंतर माझा पाय कोणी आस्थेनं हातात घेतल्याची ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, वाढलेलं ते हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या फोटोत दिसतं, त्याला दोष देऊ नका. टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो टाचेला जिथं चिकटतो तिथं दुखावला आहे. रात्रभर तो आखडून बसतो, सकाळच्या पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून कळ. उपाय? पलंगावरून उतरण्याआधी टॉवेल चवड्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. वजन उतरवायचं. आणि घरात अनवाणी चालायचं नाही. "किती दिवस?" म्हटलं. "महिने," ते म्हणाले. "बरी होते, पण घाई करत नाही." आमच्या बँकेत शोभले असते.

बाकी सगळं जमलं. घरात अनवाणी न चालणं मात्र जमेना, कारण घरात आई आहे. मऊ तळाच्या नव्या कोऱ्या सपाता, रस्ता कधी न पाहिलेल्या, घालून मी बाहेरच्या खोलीत आलो तशी आई म्हणाली, "आता देवघरातही घाल हो." मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. "डॉक्टरांच्या आईला विचार." गुळगुळीत कडक फरशी आणली आम्ही, तीवर चाळिशी उलटलेल्या टाचा उघड्या आपटणार आम्ही, आणि पावित्र्य मात्र आजीच्या सारवलेल्या जमिनीचं! सारवलेल्या जमिनीला थोडी माया तरी होती.

आता आमच्या सौभाग्यवतीचे पाय. माझ्या टाचेची कथा ऐकून ती म्हणाली, "अहो, माझ्या पोटऱ्या संध्याकाळी भरून येतात, त्याचं काय?" बघितलं. म्हणजे वीस वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं. घोट्यावर सूज, पोटरीवर दोरखंडासारख्या फुगलेल्या निळ्या शिरा. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. माणूस चालला की पंप चालतो. नुसता उभा राहिला की पंप बंद. झडपा ढिल्या झाल्या की शिरा फुगतात. आणि नुसतं उभं राहायला आपल्याकडे जागा कोणती? ओटा. पूर्वी बायका चुलीपुढे बसून धुरात डोळे घालवत. सुधारणा झाली, आता उभ्यानं पाय घालवतात. या घरात आली तेव्हा तिचा पायगुण सगळ्यांनी विचारला होता. पाय कोणीच विचारला नव्हता, मी धरून.

तेव्हा ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, निवडणं-चिरणं बसून होऊ द्या, संध्याकाळी घटकाभर पाय उशीवर उंच होऊ द्या, डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे आणा. आणि हे लिहिताना हात कापतो, पण पोळ्या अधूनमधून आपण लाटा. माझ्या पोळ्या नकाशासारख्या होतात, पण नकाशा कोणत्या देशाचा यावर जेवताना गप्पा होतात. मात्र एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळणाऱ्या शेजाऱ्याला दारातच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवाशी खेळ.

पावसाळ्यातल्या चिखल्या, रुतलेलं नख, रात्री पोटरीत येणारा गोळा यांवर मी फार बोलत नाही. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवा; नख सरळ कापा, कोपरे उकरू नका; गोळा आला की गुडघा सरळ करून चवडा आपल्याकडे ओढा. पण बूट? आपण बूट भावावरून घेतो, चकाकीवरून घेतो. पाय वयानं रुंद होतो, संध्याकाळी थोडा फुगतो. तेव्हा संध्याकाळी जावं, उभं राहून घालून बघावा, पुढे अंगठ्याएवढी जागा असावी. आम्ही कॉलेजातला नंबर सांगतो, आणि दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणतो. बूट सैल होत नाही. पाय बुटाच्या आकाराचा होतो आणि त्याला भोवरी येते.

भोवरीशी आलो आहे, म्हणजे काकांशी आलो.

काकांना मधुमेह. बरीच वर्षं. "तळपायाची आग होते रे," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो, कारण काकांच्या तळपायाची आग मस्तकाला जाण्याचा पूर्वीपासूनचा लौकिक होता. तो वाक्प्रचार नव्हता, तक्रार होती. मधुमेहानं पायाच्या नसा मरताना आधी जळजळ होते, मुंग्या येतात. मग एक दिवस आग थांबते आणि माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं. पायातली जाणीव गेलेली असते. करंगळीवर भोवरी होती. आंघोळीनंतर कातडी मऊ झाली की काका ती ब्लेडनं तासायचे. दुखायचं नाही. त्यावर विटेचा शेक घ्यायचे. भाजायचंही नाही. चपलेत खडा गेलेला संध्याकाळी कळायचा. बोट काळं पडलं तेव्हाही काका म्हणत होते, "दुखत नाहीये ना, मग झालं." दोन बोटं गेली.

ब्लेडची पाकिटं मी आणून देत होतो.

म्हणून मला राग येतो. दुखणं हा पायाचा पहारेकरी. तो गेला की वाडा उघडा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हे दाखवून दिलं: पुष्कळदा बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमा होऊन जातात. मधुमेह्याच्या पायाचं हेच. त्यानं रोज रात्री तळवे बघावेत, वाकवत नसेल तर आरसा ठेवून, नाहीतर घरातल्या कोणी बघावेत. भोवरीला ब्लेड नाही, भोवरीवरचं ॲसिडचं औषधही नाही, शेक नाही, अनवाणी प्रदक्षिणा नाही. आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखा तंतू टोचून जाणीव तपासावी. पण आपण चपला दवाखान्याबाहेर काढतो आणि पाय टेबलाखाली घालतो. डॉक्टर साखरेचा आकडा वाचतात, आपण गोळी घेतो, पाय बिचारे एकमेकांवर चढून बसलेले असतात. माझं म्हणणं असं, की लाजू नका, मोजे काढा आणि टेबलावर ठेवायची वेळ आली तर ठेवा.

नोव्हेंबरात काका हयातीचा दाखला द्यायला आमच्या शाखेत आले. मोबाईलवरून देता येतो हे मी सांगितलं होतं. पण आपण हयात आहोत हे आपण स्वतः जाऊनच सांगावं, असं त्यांचं मत. रांग दारापर्यंत, सगळे सत्तरीपुढचे, सगळे उभे. साहेबांकडे चार खुर्च्या मागितल्या. "रांग मोडेल," साहेब म्हणाले. मी माझी खुर्ची उचलून काकांना दिली आणि तो दिवस उभ्यानं काढला. दुसऱ्या दिवशी टाचेची कथा साहेबांना पुन्हा सविस्तर ऐकवली. तिसऱ्या दिवशी चार खुर्च्या आल्या.

त्या दिवशी काका माझ्या खुर्चीत, मऊ रबराच्या खास सँडलमधला पाय पुढे पसरून बसले होते. मागच्या आजींनी पायाकडे बघितलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "एक सांगू का? रुईचं पान घ्यायचं..."

"आणि वीट," काका म्हणाले. "बसा, बाई. तुमच्या टाचा दाखवा आधी."

आणि त्यांनी खुर्ची रिकामी केली.