हत्तीगवताचें बेणें विकत कां घ्यावें ?

खेडोपाडीं हल्लीं एक नवें दुकान निघालें आहे. त्याला पाटी नाहीं, गल्ला नाहीं. तें हातांतल्या मोबाईलवर चालतें. डोक्याच्या वर गेलेल्या हिरव्यागार गवतांत एक गृहस्थ हात पसरून उभा राहतो आणि सांगतो कीं हें अमुक सुपर, हें तमुक बुलेट; एकरी २०० टन चारा, गाईचें दूध दुप्पट, आजच मागवा, एका डोळ्याला फक्त दोन रुपये. आमचा शेतकरी भोळा नाहीं, पण गोठ्यांत जनावरें हंबरूं लागलीं म्हणजे शहाण्याचीही बुद्धि गहाण पडते. तो पैसे पाठवितो आणि आठ दिवसांनीं गोणींतून अर्धवट सुकलेल्या कांड्या येतात. या व्यवहाराविषयीं आमचें म्हणणें सरळ आहे. हत्तीगवताच्या कांडीला किंमत असूं नये. चूल पेटविण्यास शेजारणीकडून विस्तव आणावा तशी ती आणावी, आणि आपल्या घरीं फुटली म्हणजे पुढच्यास द्यावी.

हें गवत मूळचें आफ्रिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलें. नदीकांठच्या ओलसर रानांत तें १०-१२ फूट वाढतें, हत्ती तें खातात, म्हणून हत्तीगवत. तिकडच्या गुराख्यांना व शेतकऱ्यांना तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पण जगाच्या पुस्तकांत त्याला नांव मिळालें तें बुलावायो येथील कर्नल नेपियर नांवाच्या गोऱ्या साहेबाचें. कां, तर विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें तेव्हांच्या ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, शेतकी खात्याकडे या गवताची शिफारस केली. ज्यांच्या गुरांनीं तें खाल्लें त्यांचें नांव कोठेंच नाहीं. आमच्या वाचकांना याचें नवल वाटूं नये. विहीर कोणीं खोदली आणि दगडावर नांव कोणाचें कोरलें, हें आपल्याही गांवांत पाहण्यास मिळतें.

आपल्याकडे लावतात तें बहुतेक निव्वळ हत्तीगवत नसून त्याचा आणि बाजरीचा संकर असतो. बाजरीचा गोडवा व मऊपणा आणि हत्तीगवताचा जोम एकत्र यावा म्हणून तो केला. कोईमतूरच्या शेतकी विद्यापीठाचे को-४, को-५, राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे यशवंत व फुले जयवंत हे वाण याच जातीचे. हीं विद्यापीठें कोणाच्या पैशावर चालतात ? काडीपेटी आणि कापड घेणारा जो कोणी कर भरतो त्याच्या. तेव्हां हे वाण त्याचेच झाले. असें असतां त्याच कांडीला इंग्रजी नांव चिकटवून कोणी ती त्यालाच विकावी, आणि त्यानेंही ती मुकाट्यानें घ्यावी, यापेक्षां मोठी थट्टा कोणती ?

याहून मोठी लबाडी म्हणजे 'संकरित नेपियरचें बीं' म्हणून विकलीं जाणारीं पुडकीं. घोडी व गाढव यांपासून खेचर होतें, पण खेचराला पिलूं होत नाहीं, हें प्रत्येक कुंभाराला माहीत आहे. तीच गोष्ट येथें. बाजरीच्या पेशींत १४ रंगसूत्रें, हत्तीगवतांत २८, आणि संकरांत २१. हा विषम हिशेब जुळत नसल्यानें संकराला तुरा आला तरी त्यांत उगवणारें बीं धरत नाहीं. तें केवळ कांडीनें किंवा ठोंब फोडूनच वाढतें. म्हणून पुडक्यांत काय असेल तें असो, संकरित नेपियर नसतें. निसर्गानेंच या गवतांत बियाणेवाल्याला जागा ठेवलेली नाहीं. आणि कायदाही आडवा येत नाहीं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बीं-बेणें राखण्याचा, लावण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे; छाप मारून विकतां येत नाहीं एवढेंच.

आतां एकरी २०० टनांचा हिशेब तपासूं. चांगली जमीन, बारमाही पाणी व भरपूर खत असेल तर हें गवत वर्षाला एकरी ६० ते ८० टन हिरवी वैरण देतें. म्हणजे गुंठ्याला दीड ते दोन टन, अर्थात् रोजचे सरासरी चार-पांच किलो. थंडींत वाढ मंदावते, तेव्हां त्याहूनही कमी. दुभत्या गाईला रोज २०-२५ किलो हिरवा चारा धरला तर एका गाईस पांच-सहा गुंठे हवेत, आणि एका शेळीस साधारण एक गुंठा. हा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या ओट्यावर खडूनें मांडून पाहावा. शिवाय या हिरव्या वजनांत शंभर भागांपैकीं ऐंशी भाग पाणीच असतें, हें जाहिरातवाला सांगत नाहीं.

लावण्याची रीत अवघड नाहीं. तीन महिन्यांच्या पक्व ताटाच्या दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या कराव्या, तीन फुटांवर सरी धरून दोन-दोन फुटांवर तिरप्या रोवाव्या, एक-दोन डोळे मातींत व एक वर ठेवावा. गुंठ्यास १८० कांड्या पुरतात. दहा-बारा चांगले ठोंब असलेल्या शेजाऱ्याकडे एवढ्या सहज निघतात, म्हणूनच विकत घेण्याचें कारण राहत नाहीं. पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनीं, पुढें दर दीड-दोन महिन्यांनीं, जमिनीपासून अर्धा फूट राखून. प्रत्येक कापणीनंतर शेणखत व पाणी. कापणी लांबली तर ताट बांबूसारखें टणक होतें आणि जनावर पानें खाऊन बुडखे टाकून देतें. मग दोष गवताला देतात. कुट्टी करून घातल्यास नासाडी कमी होते.

हें गवत म्हणजे अमृत नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. वाळवून पाहिलें तर त्यांत प्रथिन शंभरांत आठ-दहा भाग निघतें. दुभत्या जनावरास तेवढें पुरत नाहीं. त्यांतील ऑक्झलिक आम्ल अंगांतला चुना बांधून टाकतें. म्हणून दोन भाग हत्तीगवताबरोबर एक भाग लसूणघास, चवळी किंवा शेवरीचा पाला घालावा, कडबा बंद करूं नये, आणि खनिजांची चाटण वीट गोठ्यांत टांगावी. पाण्याच्या ताणानें खुंटलेलें आणि वरून युरिया ओतलेलें कोवळें गवत तर उपाशी जनावरापुढें मुळींच टाकूं नये. नायट्रेटच्या विषानें तें धापा टाकीत घटकेंत जातें. आणि माण-खटावच्या कोरड्या माळावर ज्याला उन्हाळ्यांत प्यायला टँकर लागतो त्यानें याच्या नादीं लागूं नये. त्याचें गवत मारवेल आणि अंजन. पावसावर येतें, दुष्काळांत झोपतें आणि पुन्हां उठतें.

पण आमच्या मनांत खरा सल वेगळाच आहे. ज्याच्याजवळ पाच एकर बागाईत आहे त्यानें दोन रुपये डोळ्याला दिले काय आणि न दिले काय, तो बुडत नाहीं. प्रश्न आहे तो ज्याच्याजवळ गुंठाही नाहीं त्याचा. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, परीट, मांग यांच्या घरीं दोन शेळ्या असतात. मुलाची वही, म्हातारीचें औषध आणि अडीनडीचा दवाखाना त्या शेळ्यांवर चालतो. पूर्वी बलुत्यांत कणसांबरोबर पेंढी येई. त्या बलुत्याची लाचारी आम्हांस परत नको; पण बलुतें गेलें, पेंढीही गेली, आणि तिच्या जागीं कांहीं आलें नाहीं. आज त्या घरच्या बाया विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधावर जातात आणि चार मुठी गवतासाठीं शिव्या खाऊन येतात. जो शिव्या देतो तोही बहुजनच असतो, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. वसुबारसेला गाईच्या कपाळीं कुंकू लावणारा आणि दुसऱ्या दिवशीं परटिणीच्या डोक्यावरचा भारा बांधावर उतरवून घेणारा, हा कोणता धर्म ?

म्हणून आमची मागणी बागाईतदार बंधूंकडे आहे. ओढ्याच्या कांठीं, पाटाच्या कडेला, विहिरीच्या सांडव्याखालीं तुमची जी जमीन पडून आहे ती या घरांना हत्तीगवत लावण्यास द्या. कांडी तुमची, मेहनत त्यांची, गवत त्यांचें. तुम्हांस काय मिळेल ? याच्या दाट मुळ्यांनीं तुमचा कांठ वाहून जाणार नाहीं. केनियाच्या मचाकोस भागांत उतारावरच्या ताली अशाच गवतांनीं बांधून धरल्या आहेत. मात्र पिकाला लागून लावूं नका. तीन-चार फुटांपर्यंत तें पिकाचें पाणी व खत ओढतें आणि सावली धरतें. मग भांडण होईल, आणि त्यांत हरेल कोण हें सांगावयास नको.

केनियाचें नांव निघालें म्हणून तेथील आणखी एक गोष्ट सांगतों. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं तेथल्या उंच, थंड पठाराची उत्तम जमीन बळकावली होती. सुधारलेल्या जातीच्या दुधाळ गाई त्यांच्या गोठ्यांत. आफ्रिकी शेतकऱ्यानें तिकडे पाहूं नये. १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर हीं बंधनें सैल झालीं आणि १९६३ मध्यें देश स्वतंत्र झाला. पुढें एक-दोन एकरांच्या घरांनीं चराई सोडून गाय गोठ्यांत बांधली व घराभोंवतीं हत्तीगवत लावून तें कापून घालण्याची रीत धरली. आज त्या देशाच्या दुधाचा मोठा हिस्सा अशा लहान घरांतून येतो. पण तेथूनच एक इशाराही घ्यावा. पश्चिम केनियांत ठोंब खुजे व पिवळे पडण्याचा एक रोग आला, आणि तो तुडतुड्यांबरोबर रोगट कांड्यांच्या देवघेवीनेंही पसरला. तेव्हां कांडी फुकट घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पिवळ्या, बारीक पानांच्या ठोंबाचें बेणें राजानें दिलें तरी घेऊं नका.

राहिला गायरानाचा विषय. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हां जंगलखात्यानें डोंगर-दऱ्या व चराऊ रानें बंद केल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांवर काय आपत्ति आली हें खडसावून सांगितलें होतें. गोरें सरकार गेलें, पण गायरानें वाढलीं नाहींत. कोठें कारखाना, कोठें कचरा, कोठें पुढाऱ्याची भिंत. जें उरलें आहे त्यांतून गांवच्या सांडपाण्याच्या उताराला अर्धा एकर जागा ग्रामपंचायतीनें या गवताखालीं आणावी. नाहींतरी तें पाणी गटारांत कुजून डांस पैदा करतें. आमच्या वरच्या हिशेबानें २० गुंठ्यांत रोज ८० किलो वैरण निघेल. २० शेळ्यांची सोय झाली. पहिली पाळी भूमिहीनांची व विधवांची असावी, आणि पाळ्यांची यादी चावडीच्या भिंतीवर सर्वांना वाचतां येईल अशी लिहावी, सरपंचाच्या खिशांत नको. मात्र जीं दलित व भूमिहीन कुटुंबें गायरान कसून आज पोट भरतात त्यांना उठविण्यास या गवताचें निमित्त कोणी केलें, तर त्याला सर्वांत आधीं आम्हीच आडवे येऊं.

लावणीला पावसाळ्याचा आरंभ उत्तम, पाणी असेल तर माघ-फाल्गुनही चालतो. ज्यांच्याकडे निरोगी ठोंब आहेत त्यांनीं पुढील कापणीच्या वेळीं कांहीं ताटें न कापतां तीन महिने पिकूं द्यावीं, आणि ग्रामसभेंत उभें राहून कांड्या किती देतां येतील तें सांगावें. ज्यांना घ्यावयाच्या आहेत त्यांनीं गोणपाट ओलें करून न्यावें; कापलेली कांडी उन्हांत राहिली तर डोळा मरतो.